एआरटी केंद्रात रक्तदाबाचा उपचार: खान्देशातील एका सरकारी केंद्राविषयी

जळगाव जिल्ह्यातील एका सरकारी रुग्णालयाच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांना जिथून मोफत औषधे मिळतात तिथे, आता प्रत्येक भेटीत रक्तदाब मोजला जातो, तो वाढलेला आढळल्यास निदान केले जाते आणि औषधही सुरू केले जाते. मी या केंद्राचा जुना रुग्ण असून माझ्या रक्तदाबाचा उपचारही तिथेच चालू आहे, म्हणून या सेवेविषयी सविस्तर लिहीत आहे. केंद्राचे नाव मुद्दाम दिलेले नाही. एक तर मला माझी ओळख झाकून ठेवायची आहे, आणि दुसरे म्हणजे ज्या उणिवा पुढे सांगणार आहे त्या धुळे-नंदुरबारकडच्या ओळखीच्या रुग्णांकडूनही थोड्याफार फरकाने ऐकलेल्या आहेत, त्यामुळे एकाच केंद्रावर ठपका ठेवण्यात अर्थ नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो. रक्तदाब मोजण्याची पद्धत उत्तम आहे, डॉक्टर जाणकार आहेत, समुपदेशन अपेक्षेपेक्षा बरेच चांगले आहे. पण रक्तदाबाची गोळी जोवर एआरटीच्या गोळीबरोबर, त्याच खिडकीवर आणि तेवढ्याच मुदतीची मिळत नाही, तोवर या सेवेला मी अर्धीच म्हणेन.

एआरटी केंद्रात रक्तदाबाचे काय काम, असा प्रश्न कुणाला पडू शकतो. भारतात सरकारी मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली तेव्हा केंद्रात येणाऱ्या माणसापुढे आणि डॉक्टरांपुढेही एकच चिंता होती, ती म्हणजे हा माणूस जगेल का. आज त्याच रांगेत पन्नाशी-साठी ओलांडलेली, चष्मा लावलेली, गुडघे धरून उठणारी माणसे बसलेली असतात. टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिवुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम यांची मिळून दिवसाला एक गोळी घेतली की बहुतेकांचा विषाणू इतका दबून राहतो की व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातील विषाणू मोजण्याच्या, तपासणीत तो सापडत नाही. तरीही शरीरात मंद दाह चालूच राहतो, रक्तवाहिन्या त्याने खराब होत जातात, आणि त्याच वयाच्या इतर माणसांपेक्षा आम्हा लोकांना हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका अधिक असतो. डोल्युटेग्राविर सुरू झाल्यावर अनेकांचे वजन वाढते, आणि वजनाबरोबर रक्तदाबही वर सरकतो. त्यातच खान्देशात तंबाखू मळणे, बिडी आणि मिशरी ही घरोघरची सवय आहे. एचआयव्ही आटोक्यात ठेवून पंधरा-वीस वर्षे नेमाने गोळ्या घेतलेला माणूस रक्तदाब कधीच न मोजल्यामुळे एका बाजूने लुळा पडावा, असे आमच्या रांगेत घडलेले आहे.

दुसरे कारण मूत्रपिंडाचे आहे आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. टेनोफोविरमुळे काही रुग्णांच्या मूत्रपिंडावर परिणाम होतो, म्हणून मूत्रपिंड कसे चालते ते दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन ठरावीक काळाने तपासावे लागते. वाढलेला रक्तदाबही मूत्रपिंडच खातो. तिसरे म्हणजे कापूस वेचून, केळीचे घड उचलून ज्यांची कंबर आणि गुडघे गेलेले असतात ते लोक गावातल्या दवाखान्यात जाऊन वेदनाशामक गोळ्या घेतात. डायक्लोफेनॅकसारख्या या गोळ्या रक्तदाब वाढवतात आणि टेनोफोविर घेणाऱ्याच्या मूत्रपिंडाला तर दुहेरी इजा करतात. गावातल्या डॉक्टरांना हे ठाऊक नसते असे नाही. त्यांना आपण टेनोफोविर घेतो हेच ठाऊक नसते, कारण ते सांगायचे म्हणजे एचआयव्ही सांगायचा, आणि तो सांगितला की संध्याकाळपर्यंत पारावर चर्चा. त्यामुळे ज्या एका जागी आपल्याला काहीही लपवावे लागत नाही, त्याच जागी रक्तदाबाची गोळीही ठरावी, यात रुग्णाचा जो फायदा आहे तो कोणत्याही मोठ्या खासगी रुग्णालयात पैसे मोजूनही मिळत नाही.

आता प्रत्यक्ष सेवेकडे येतो. नोंदणीच्या खिडकीवर हिरवे पुस्तक, म्हणजे एआरटी रुग्णाचे नोंदीचे पुस्तक, दिले की वजन होते आणि मग सिस्टरच्या टेबलापाशी बोलावणे येते. बहुतेक सरकारी दवाखान्यांत रक्तदाब मोजणे म्हणजे उभ्या उभ्या, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळून, बोलता बोलता आटोपलेले काम असते. इथे तसे नाही. जिना चढून आलेल्या माणसाला आधी पाठ टेकता येईल अशा खुर्चीवर पाच मिनिटे बसवतात. पाय एकावर एक टाकलेले असतील तर खाली सोडायला सांगतात, बाही दंडाच्या वर घ्यायला लावतात आणि हात टेबलावर हृदयाच्या उंचीला येईल असा ठेवतात. मी सवयीने एसटी किती उशिरा आली हे सांगू लागलो तेव्हा सिस्टरने मला थांबवले. ‘आप्पा, आता बोलू नका, तुमच्या बोलण्याने आकडा वाढेल.’ एक आकडा घेऊन थोड्या वेळाने दुसरा घेतात आणि दोन्ही पुस्तकात लिहितात. चहा किंवा तंबाखू अर्ध्या तासाच्या आत घेतली का, हेही विचारतात. तंबाखूबाबत खरे उत्तर मिळवण्यासाठी त्या माणसाच्या तोंडाकडे नुसते पाहतात, तेवढे पुरते. माझा पहिला आकडा १५८/९६ आला होता.

इथे एक खोट आहे. केंद्रात एकाच मापाचा पट्टा आहे. दंड जाड असलेल्या माणसाला लहान पट्टा लावला तर रक्तदाब असतो त्याहून जास्त दिसतो, आणि बारीक दंडाच्या माणसाला मोठा पट्टा लावला तर कमी दिसतो. एआरटी केंद्रात दोन्ही टोकांची माणसे येतात: टीबीतून नुकतीच उठलेली, हाडांवर कातडे असलेली, आणि नव्या गोळीवर वजन वाढलेली. मोठ्या मापाचा पट्टा घेणे हा फार खर्चाचा प्रश्न नाही, मागणीपत्र कोण भरणार एवढाच आहे.

पहिल्याच आकड्यावर डॉक्टरांनी मला गोळी दिली नाही, ही गोष्ट मला आवडली. १४०/९० किंवा त्याहून जास्त रक्तदाब वेगवेगळ्या दिवशी पुन्हा आढळला तरच उच्च रक्तदाब म्हणायचे, हा नियम त्यांनी पाळला, आणि मधल्या काळात गावातच मोजून घेण्यास सांगितले. गावच्या उपकेंद्राचे आता आयुष्मान आरोग्य मंदिर झाले आहे आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासणे हे त्यांच्या कामातच मोडते, त्यामुळे आपण कोण, कुठली औषधे घेतो, असे काही न सांगता तिथे रक्तदाब मोजून घेता येतो आणि आकडे एका साध्या वहीत लिहून केंद्रात दाखवता येतात. ही युक्ती डॉक्टरांनी सुचवली. ती मी सर्वांना सांगत असतो, कारण मोजण्यासाठी महिन्याकाठी शहरात जाण्याची गरज त्यामुळे उरत नाही.

निदान पक्के झाल्यावर अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम सुरू झाली. राज्यातील सरकारी केंद्रांत रक्तदाबासाठी जी ठरलेली पायरी आहे तिच्यात अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आणि क्लोरथॅलिडोन १२.५ मिलिग्रॅम ही तीनच औषधे प्रामुख्याने येतात. २०१७ साली सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमातून ही सोपी पद्धत रूढ झाली आणि महाराष्ट्र त्यात सुरुवातीपासून आहे. थोडी औषधे, ठरलेली मात्रा आणि ठरलेली पुढची पायरी असल्यामुळे एआरटीच्या डॉक्टरांना हृदयरोगतज्ज्ञाकडे न पाठवताही उपचार करता येतो. पुढे माझ्या घोट्यांवर सूज येऊ लागली, चपलेचा पट्टा रुतू लागला. अॅम्लोडिपिनने काहींना अशी सूज येते, मूत्रपिंड बिघडल्याचे ते लक्षण असेलच असे नाही, हे डॉक्टरांनी समजावून सांगितले, लघवी आणि क्रिएटिनिन तपासून घेतले आणि मला टेल्मिसार्टनवर आणले. ही गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा पाहावे लागते, तेही पाहिले गेले.

याच वेळी एक गोष्ट कळली जी बाहेरच्या डॉक्टरांकडून कळली नसती. डोल्युटेग्राविर सुरू झाल्यावर क्रिएटिनिनचा आकडा किंचित वर जातो. क्रिएटिनिन लघवीवाटे टाकण्याची एक वाट हे औषध अडवते म्हणून तसे होते, मूत्रपिंडाला इजा झाली म्हणून नव्हे. हे ठाऊक नसलेला माणूस तो आकडा पाहून चांगली चाललेली गोळी बंद करील, किंवा उलट खरा बिघाड ‘ते तर नेहमीचेच’ म्हणून सोडून देईल. माझे जुने आकडे त्याच पुस्तकात असल्यामुळे डॉक्टरांना तुलना करता आली.

औषधांच्या आपसांतील भांडणाचाही इथे विचार होतो. ज्यांना दुसऱ्या फळीची (पहिली औषधे लागू न पडल्यावर दिली जाणारी) औषधे चालू आहेत, म्हणजे अॅटाझानाविर किंवा लोपिनाविरबरोबर रिटोनाविर, त्यांच्या रक्तात अॅम्लोडिपिनचे प्रमाण वाढते, म्हणून त्यांना कमी मात्रेपासून सुरुवात करावी लागते. माझ्या शेजारी बसणाऱ्या एका बाईंना अर्धी गोळी का दिली आहे, याचे उत्तर हे होते. साखरेसाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना डोल्युटेग्राविरबरोबर दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. अॅसिडिटीची पातळ औषधे डोल्युटेग्राविरला निकामी करतात, म्हणून एआरटीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. औषध देणारे फार्मासिस्ट प्रत्येकाला घरी आणखी काय घेता असे विचारतात आणि पिशवीतली पाकिटे टेबलावर ओतायला लावतात. त्यातून जे निघते ते पाहण्यासारखे असते: गुडघ्याच्या गोळ्या, ताकदीचे कॅल्शियम, कुणा वैदूची पुडी. मी पाहिलेल्या दिवशी त्यांनी त्यातल्या वेदनाशामक गोळ्या बाजूला काढून ठेवल्या आणि पॅरासिटामॉल लिहून घ्यायला डॉक्टरांकडे परत पाठवले.

समुपदेशनाविषयी थोडे जास्त लिहावेसे वाटते. रक्तदाबाच्या रुग्णाला ‘मीठ कमी खा’ असे सांगून सगळेच मोकळे होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण चहाच्या एका चमच्याहून कमी मीठ खावे. पण हे मीठ आपल्या ताटात कुठून येते, हे खान्देशात कुणी खान्देशी माणसानेच सांगावे लागते. आमच्या समुपदेशक ताई इथल्याच आहेत. त्यांनी मला भाजीतल्या मिठाबद्दल काही विचारले नाही. उन्हाळ्यात घरी बिबडे, पापड, कुरडया किती घातल्या ते विचारले. पापडात मिठाखेरीज पापडखारही असतो आणि त्यातही सोडियमच असते. कळण्याच्या भाकरीचे पीठ दळतानाच ज्वारी-उडदात मीठ घातलेले असते, म्हणून त्या भाकरीबरोबर ठेचा खाल्ला की मीठ दोनदा पोटात जाते. शेवभाजीत रश्श्याला मीठ असते आणि शेवेला वेगळे असते. ‘भरीत खा, त्याला कोण नाही म्हणतो, त्याच्याबरोबर लोणचे आणि तळलेली मिरची नको,’ असे त्यांनी सांगितले तेव्हा पहिल्यांदाच हे जमण्यासारखे वाटले. कळणा मीठ न घालता दळून आणायचा, एवढा एक बदल आमच्या घरात टिकला आहे. बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठ आणू का, असे मी विचारले, तर त्यात पोटॅशियम असते, तुम्हाला टेल्मिसार्टन चालू आहे आणि मूत्रपिंडावरही लक्ष ठेवायचे आहे, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका, असे उत्तर मिळाले. केंद्राच्या भिंतीवर मात्र एक छापील तक्ता आहे ज्यात चिप्स, पिझ्झा आणि सॉसवर फुल्या मारल्या आहेत. आमच्या रांगेतल्या बहुतेकांनी पिझ्झा पाहिलेलाही नाही.

एवढे चांगले सांगून झाल्यावर औषधाच्या खिडकीकडे वळावे लागते. ज्यांचा विषाणू दबलेला आहे आणि जे नियमित येतात त्यांना एआरटीच्या गोळ्या तीन महिन्यांच्या एकदम मिळतात. या एका सोयीमुळे कित्येकांची मजुरी बुडायची थांबली. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र एका महिन्याच्याच मिळतात, आणि त्याही या खिडकीवर नाहीत. त्यासाठी रुग्णालयाच्या दुसऱ्या टोकाला असंसर्गजन्य, म्हणजे रक्तदाब-मधुमेहासारख्या, आजारांच्या कक्षात जावे लागते, तिथे वेगळा केसपेपर काढावा लागतो, पुन्हा रांगेत उभे राहून पुन्हा रक्तदाब मोजून घ्यावा लागतो, आणि मग रुग्णालयाच्या मोठ्या औषध विभागात तिसरी रांग. चोपडा किंवा रावेर तालुक्यातल्या एखाद्या गावाहून सकाळच्या एसटीने निघालेल्या माणसाची यात दुपार उलटते. परिणाम असा, की तीन महिन्यांतला पहिला महिना गोळी घेतली जाते आणि उरलेले दोन महिने सोडून दिली जाते, कारण एका पांढऱ्या गोळीच्या पट्टीसाठी परत शहरात कोण जाणार? बायकांना एसटीत अर्धे तिकीट झाल्यापासून त्या तरी येतात; पुरुष येत नाहीत. पुढच्या भेटीत रक्तदाब वाढलेला दिसतो, औषध लागू पडत नाही असे वाटून मात्रा वाढवली जाते, आणि खरे कारण पुस्तकात कुठेच लिहिलेले नसते. आमच्या सिस्टर आता आधी तेच विचारतात, तेही अहिराणीत, म्हणजे समोरचा खोटे बोलत नाही: ‘आप्पा, गोया सरी ग्यात का?’ (गोळ्या संपल्या का?)

यामागचे कारण समजण्यासारखे आहे. एआरटीची औषधे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या साखळीतून येतात, रक्तदाबाची औषधे असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमाच्या साखळीतून. दोन्हींची मागणीपत्रे, साठा नोंदवह्या आणि हिशेब वेगवेगळे आहेत. म्हणून एका फार्मासिस्टच्या कपाटात दुसऱ्या कार्यक्रमाची गोळी ठेवता येत नाही, असे सांगितले जाते. पण रुग्ण एकच आहे. अॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन या काही महागड्या किंवा बर्फात ठेवाव्या लागणाऱ्या गोळ्या नाहीत. ठरावीक रुग्णांची यादी करून महिन्याच्या सुरुवातीला तेवढा साठा एआरटीच्या फार्मासिस्टकडे सही घेऊन दिला, तर दोन्ही हिशेब शाबूत राहतात. मधल्या काळात या केंद्राच्या डॉक्टरांनी स्वतःच्या जबाबदारीवर काही रुग्णांना जनऔषधी केंद्रातून स्वस्तात घेता याव्यात म्हणून मूळ नावाने चिठ्ठ्या लिहून दिल्या. मीही तिथूनच घेतो. ज्याला ते परवडते त्याचे भागते, ज्याला परवडत नाही त्याच्यासाठीच तर सरकारी केंद्र आहे.

त्या दुसऱ्या कक्षात जाण्यात आणखी एक अडचण होती आणि ती वेळेपेक्षा गंभीर होती. एआरटी केंद्रातून जी चिठ्ठी मिळायची तिच्यावर केंद्राचा शिक्का असायचा. एकदा तिथल्या दारावरच्या माणसाने माझ्या आधीच्या रुग्णाची चिठ्ठी हातात घेऊन शिक्क्यावरचे शब्द भर रांगेत मोठ्याने वाचले. तो माणूस चिठ्ठी परत घेऊन निघून गेला. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि रुग्णाच्या संमतीवाचून त्याची स्थिती उघड करण्यास त्यात मनाई आहे. दारावरच्या माणसाला हे कुणी शिकवले नसेल हे मान्य केले तरी शिक्का नसलेली साधी चिठ्ठी देणे केंद्राच्या हातात होते. तक्रार पेटीत टाकल्यानंतर आता साध्या चिठ्ठ्या मिळू लागल्या आहेत, ही दखल घेतली गेली हे नमूद करतो.

एचआयव्ही आणि रक्तदाब एकत्र पाहण्याचा हा विचार आपल्याकडेच निघालेला नाही. आफ्रिकेत युगांडा आणि टांझानियातील ३२ आरोग्य केंद्रांवर एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. तिथे एचआयव्ही, मधुमेह आणि उच्च रक्तदाब अशा तिन्ही प्रकारच्या रुग्णांसाठी एकच कक्ष, एकच प्रतीक्षागृह, एकच डॉक्टर आणि एकच औषध खिडकी ठेवली. मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण उपचारात टिकून राहिले आणि एचआयव्हीच्या रुग्णांचा विषाणूही पूर्वीइतकाच दबलेला राहिला, म्हणजे नव्या गर्दीमुळे जुन्या रुग्णांचे नुकसान होईल ही भीती खरी ठरली नाही. आमच्या केंद्रातली रचना याहून वेगळी आहे: इथे फक्त एचआयव्ही असलेल्यांचा रक्तदाब पाहिला जातो, दाराबाहेरची पाटी पूर्वीचीच आहे, आणि त्या दारात शिरणारा प्रत्येक माणूस कशासाठी आला हे सगळ्यांना कळते. सगळ्या प्रकारचे रुग्ण एका बाकावर बसले तर कोण कशासाठी आला हे कुणालाच कळणार नाही. ही गोष्ट मला त्या अभ्यासातल्या आकड्यांपेक्षा जास्त मोलाची वाटते, आणि आपल्या जिल्हा रुग्णालयांत ती करून पाहायला नवे बांधकाम लागत नाही. दोन्ही बाजूंनी कुरकुर होईल हेही मला दिसते. रक्तदाबाच्या रुग्णांपैकी काहीजण आमच्या शेजारी बसायला तयार होणार नाहीत.

खान्देशापुरत्या दोन गोष्टींचा विचार या सेवेत व्हायला हवा. पहिली उन्हाळ्याची. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ अंशांवर जातो. क्लोरथॅलिडोन हे लघवी वाढवणारे औषध आहे. उन्हात राबणाऱ्या माणसाला त्यावर चक्कर येऊ शकते, क्षार कमी होऊ शकतात आणि पाणी कमी पडले तर टेनोफोविर चालू असलेले मूत्रपिंडही अडचणीत येते. आमचे डॉक्टर मार्चमध्येच अशा रुग्णांची औषधे पुन्हा पाहतात आणि जुलाब-उलट्या झाल्यास कोणती गोळी थांबवून लगेच यायचे ते सांगून ठेवतात. हे कुठल्या कागदावर लिहिलेले नाही, एका डॉक्टरांची जागरूकता आहे. त्यांची बदली झाली की ती त्यांच्याबरोबर जाईल. दुसरी गोष्ट स्थलांतराची. दिवाळीनंतर नंदुरबार आणि सातपुड्याच्या पायथ्याची कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात, महामार्गावर ट्रक चालवणारे महिनोन् महिने बाहेर असतात. हिरवे पुस्तक दाखवले तर दुसऱ्या राज्यातल्या केंद्रातही एआरटीची गोळी मिळू शकते. रक्तदाबाच्या गोळीला असे कोणतेही पुस्तक नाही. निदान जाताना तरी चार-पाच महिन्यांच्या गोळ्या सोबत देता आल्या पाहिजेत.

कोलेस्टेरॉलच्या बाबतीत सेवा अजून कच्ची आहे. चाळीस ते पंच्याहत्तर वयाच्या ७,७६९ एचआयव्हीबाधितांवर भारतासह १२ देशांत झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली आले. पिटाव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातले औषध रोज घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात अशा मोठ्या घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. आमच्या केंद्रात कोलेस्टेरॉल तपासायला सांगतात, पण तपासणी बऱ्याचदा बाहेरून करून आणावी लागते आणि स्टॅटिन सुरू करण्यासाठी मेडिसिन विभागाकडेच पाठवतात. रिटोनाविर घेणाऱ्यांना सिम्व्हास्टॅटिन चालत नाही, हे त्या विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षातल्या घाईत कुणाच्या लक्षात राहील याची मला खात्री नाही. तिथे जाताना हिरवे पुस्तक सोबत न्यावे.

संगणकातली नोंद ही आणखी एक अडचण. रक्तदाबाचे आकडे पुस्तकात असतात, पण एआरटीच्या संगणकात आणि असंसर्गजन्य आजारांच्या पोर्टलवर ते स्वतंत्रपणे भरावे लागतात, आणि डेटा मॅनेजर एकटेच आहेत. किती रुग्णांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आला, हे केंद्राला एका दृष्टिक्षेपात सांगता येत नाही. व्हायरल लोडचे ते सांगता येते.

पाचपैकी गुण द्यायचे झाले तर तपासणी आणि डॉक्टरांसाठी मी साडेचार देईन, समुपदेशनाला चार, गोपनीयतेला तीन आणि औषध वाटपाला दीड. एकूण साडेतीन धरावेत.

जे पहिल्यांदा जाणार आहेत त्यांच्यासाठी काही सूचना. सोमवारी आणि सुट्टीनंतरच्या दिवशी गर्दी फार असते. रक्तदाबाची गोळी रोजच्या वेळी घेऊनच निघावे. तपासणी आहे म्हणून ती टाळू नये, नाहीतर आकडा फसवा येतो. सैल बाहीचा सदरा किंवा ब्लाउज घालावा, तंबाखू आणि चहा तपासणी होईपर्यंत नको. घरातली सगळी औषधे, झाडपाल्याचीसुद्धा, पिशवीत घालून आणावीत. डिजिटल यंत्र विकत घ्यायचे असेल तर मनगटाचे घेऊ नये, दंडाला बांधायचे घ्यावे आणि एकदा केंद्रात आणून सिस्टरच्या यंत्राशी ताडून पाहावे. त्या नाही म्हणत नाहीत. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी दुसऱ्या कक्षात जायचे असल्यास तिथला केसपेपर आधी, सकाळी नऊच्या सुमारास काढून ठेवावा आणि मग एआरटी केंद्रात यावे, म्हणजे दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत खिडकी बंद होण्याआधी दोन्ही कामे उरकतात.